रेग्युलेटर कुणी निवडले

भालकी तालुक्यात कुणाची मोटार विहिरीत तुटून पडली की सिद्धाप्पांना फोन जायचा. बाप मेंढरं राखणारा. कातरणीच्या आधी मेंढरं विहिरीवर धुवायची, तेव्हा घरातली पोरंही पाण्यात पडायची. सिद्धाप्पा तिथंच बुडी मारायला शिकले. पंचविशीत ते कारवारकडं गेले आणि सहा वर्षं जहाजांच्या तळाचे शिंपले खरवडायच्या कामावर राहिले. पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली श्वास घ्यायचं तिथं कळलं. गावी परतल्यावर बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतल्या तलावांची कामं मिळायला लागली. दरवाजांपुढच्या लोखंडी जाळ्या साफ करायच्या, अडकलेली झाडं कापायची, पोलिसांनी बोलावलं तर बुडालेलं माणूस वर आणायचं. जोडीला मेहुणा श्रीशैल, म्हणजे बायको बाणूबाईचा धाकटा भाऊ. बारा वर्षं दोघं एकत्र उतरत होते.

सिद्धाप्पा कन्नड शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. इंग्रजीतले आकडे तेवढे वाचता यायचे, अक्षरं लागायची नाहीत. हे त्यांनी कुणालाच, श्रीशैललासुद्धा, कधी कळू दिलं नव्हतं. कागद आला की "बघून ठेवलाय" म्हणायचे आणि खिशात घालायचे.

दोन वर्षांपूर्वी ठेकेदारानं सांगितलं, की खोलातल्या जाळ्यांवर उतरायचं असेल तर आता पुढचं शिक्षण झालेलाच माणूस लागेल. एका टाकीवर भागायचं नाही. पाठीवर दोन टाक्या आणि त्यांवर दोन स्वतंत्र रेग्युलेटर पाहिजेत. टाकीतली हवा भयंकर दाबाखाली असते. तो दाब उतरवून तोंडाला हवी तेवढीच हवा देणारं यंत्र म्हणजे रेग्युलेटर. त्याचा एक भाग टाकीवर बसतो, दुसरा दातात धरायचा. एक बिघडला तर दुसऱ्यावर वर येता आलं पाहिजे, म्हणून दोन.

हे शिक्षण झहीराबादच्या पलीकडं एका पाणी भरलेल्या दगडखाणीत मिळायचं. शिकवणारी शिवलीला मूळची कलबुर्गीकडच्या आळंदची, तिशीतली, अंदमानात दहा वर्षं समुद्रात उतरलेली. तिनं सिद्धाप्पांच्या फोनवर सामानाची दोन पानी यादी पाठवली. यादी इंग्रजीत होती.

"दाजी, यादी आली म्हणं. मला पाठवा की," श्रीशैल म्हणाला. तो बारावी झालेला.

"मी बघितलीय. कारवारला असली यंत्रं रोज हाताळली हायत मी. तू कामून काळजी करायलास?"

दोघं सिकंदराबादला गेले. दुकानदार वयस्कर, शांत माणूस होता. त्यानं काचेवर कापड अंथरलं आणि दोन प्रकारचे रेग्युलेटर मांडले. एक जाडसर, काळा, दिसायला काहीच नाही. दुसरा हलका, चकचकीत, बोटाएवढ्या गोल भोकांचा. मग त्यानं विचारलं, "चचा, कैसे पानी में उतरते आप?"

सिद्धाप्पांच्या जिभेवर खरं उत्तर आलं होतं. तलावात, गाळात, जिथं आपला हात आपल्याला दिसत नाही. पण दुकानात भिंतभर निळ्या समुद्राची चित्रं होती, आणि बाजूला दोन शहरी तरुण इंग्रजीत बोलत उभे होते.

"समंदर में," ते म्हणाले. "छे साल कारवार में किया."

"फिर ये हलका वाला लेव. साफ पानी में अच्छा चलता."

श्रीशैल हळूच म्हणाला, "दाजी, आपण तर..."

"गप बस तू."

त्यांनी चकचकीत रेग्युलेटर तोंडात धरून श्वास ओढून पाहिला. हवा अगदी सहज आली. दोघांसाठी तेच घेतले. परतीच्या गाडीत श्रीशैल खिडकीबाहेर पाहत राहिला. पिशवी मात्र त्यानंच मांडीवर धरली होती.

खाणीवर पहिल्याच सकाळी शिवलीलानं सगळ्यांचं सामान ताडपत्रीवर मांडून घेतलं. सहा जण शिकायला आलेले, बाकीचे हैदराबादचे. सिद्धाप्पांच्या सामानापाशी ती थांबली. चकचकीत रेग्युलेटर उचलून तिनं भोकांत करंगळी घातली.

"हे बघा," ती सगळ्यांना म्हणाली. "याच्या आत दट्ट्या आहे, आणि बाहेरचं पाणी थेट त्या दट्ट्यापर्यंत जातं. स्वच्छ समुद्रात याला काही होत नाही. आपल्याकडच्या गाळात हे चालणार नाही. गाळ आत बसला की दट्ट्या अडकतो आणि हवा बंदच होत नाही, सारखी सुटते. म्हणून मी यादीत बंद तोंडाचा लिहिला होता, ज्याच्या आत पाणी शिरतच नाही." मग तिनं मान वर केली. "हे कुणी निवडले?"

सगळे त्यांच्याकडं पाहत होते. बावीस वर्षं पाण्यात काढलेला माणूस, आणि ही आळंदची मुलगी सगळ्यांसमोर विचारत होती. सिद्धाप्पांनी विचार केला नाही. तोंडातून आपोआप गेलं.

"श्रीशैलनं. सामानाचं तोच बघतो."

श्रीशैलनं मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं. सिद्धाप्पा वाकून पायमोजे नीट करायला लागले.

शिवलीलानं त्या दिवशी उथळ पाण्यातच सराव ठेवला. उद्यापासून तिच्याकडचे दुसरे रेग्युलेटर देणार होती. सहा मीटरवर गुडघे टेकून एकेक टाकी बंद करायची आणि उघडायची, एवढंच काम. पण सहा जणांच्या हालचालीनं तळ ढवळला. थोड्या वेळानं श्रीशैलच्या रेग्युलेटरमधून हवा सुटायला लागली ती थांबेना. बुडबुड्यांच्या लोटात त्याला दिसेना. गडबडीत त्यानं भलतीच टाकी बंद केली आणि पाणी प्याला. शिवलीलानं आपला रेग्युलेटर त्याच्या तोंडात दिला आणि धरून वर आणलं. काठावर तो बराच वेळ खोकत बसला. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं. हैदराबादचा एक जण म्हणाला, "खुद लाया, खुद भुगता." कुणीतरी हसलं.

सिद्धाप्पा चार पावलांवर उभे होते. तसलेच रेग्युलेटर त्यांच्याही टाक्यांवर होते.

दुपारी शिवलीलानं श्रीशैलला बाजूला घेतलं, पण आवाज सगळ्यांना ऐकू जात होता. "पाणी प्यालात त्याचं काही नाही. ते शिकता येतं. पण दोन पानं पाठवली होती, ती तुम्ही वाचली नाहीत. जो माणूस सामान निवडताना वाचत नाही, त्याला मी तीस मीटरवर नेणार नाही. पुढच्या तुकडीत या."

श्रीशैलनं ओल्या केसांवरून हात फिरवला. "व्हय अक्का," एवढंच म्हणाला. पिशवी भरली. निघताना सिद्धाप्पांजवळ आला. "दाजी, येतो मी. तुमी पुरं करून या."

सिद्धाप्पांनी मान हलवली. त्याला एस.टी.पर्यंत पोचवायलाही ते गेले नाहीत. वाटेत दोघंच असते तर बोलावं लागलं असतं.

संध्याकाळी घरी फोन केला. बाणूबाई रागात होती. "आला तुमचा मेहुणा. जेवंना झालाय. मी लई बोलले त्याला. दाजीनं तुला माणसात आणलं आन् तू चारचौघांत त्यांचं नाव घालवलास म्हणलं."

"त्यो काय म्हणला?"

"काय म्हणणार? चुकलं म्हणला."

सिद्धाप्पांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. बाणूबाई "हॅलो, हॅलो" करत होती. शेवटी ते "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. ती आपल्या सख्ख्या भावाला त्यांच्या पापासाठी बोलली होती, आणि त्यानं ते ऐकून घेतलं होतं.

पुढचे दोन दिवस त्यांनी शिवलीलाचे रेग्युलेटर लावून सराव केला. हात सराईत होते. ती म्हणाली, "अण्णा, पाण्यात तुमचं शरीर फार शांत असतं." ते ऐकून त्यांना तिथून उठून जावंसं वाटलं. जेवताना ते ताट घेऊन दगडांच्या पलीकडं बसायचे. कुणाच्या नजरेला नजर द्यायची म्हटली की कानशिलं तापायची.

चौथ्या दिवशी उतरायच्या आधी जोडीदारानं जोडीदाराचं सामान तपासायचं होतं. हैदराबादचा एक मध्यमवयीन माणूस त्यांच्या जोडीला होता. त्यानं आपले दोन्ही रेग्युलेटर त्यांच्या हातात दिले आणि पाठ फिरवून उभा राहिला, म्हणजे त्यांना टाक्या नीट बघता याव्यात. बारा वर्षं श्रीशैल असाच पाठ करून उभा राहायचा. सिद्धाप्पांना ते रेग्युलेटर हातात धरवेनात. त्यांनी ते खाली ठेवले आणि शिवलीलाकडं गेले.

"मॅडम, ते श्रीशैलनं न्हाई निवडले. मी निवडले. त्यो नको म्हणत व्हता, मीच त्याला गप केलं. दुकानदारानं पाणी कसलं म्हणून इचारलं, तर मी समुद्र म्हणलो." ते थांबले. पुढचं सांगणं याहून अवघड होतं. "आन् यादी मी वाचली न्हाई. मला इंग्रजी वाचता येत न्हाई."

सगळे ऐकत होते.

"इंग्रजीचं मला सांगितलं असतं तर मी कन्नडात पाठवली असती. मराठीत पाठवली असती. यात काय होतं अण्णा?"

"लाज वाटली."

"आणि त्याला घरी पाठवलं तेव्हा?"

सिद्धाप्पांनी छातीवरचा पट्टा उगाच घट्ट केला.

"चुकीचा रेग्युलेटर बदलता येतो," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "पण खाली गडबड झाली तर जोडीदार तुमच्या इशाऱ्यावर जीव सोपवतो. तिथं तुम्ही स्वतःला वाचवायला खोटा इशारा केलात तर? मी तुम्हाला आज खाली नेऊ शकत नाही. श्रीशैलला मी फोन करते. त्याची जागा त्याला देते."

सिद्धाप्पांनी पट्टे सोडले. टाक्या उतरवायला कुणी मदतीला आलं नाही, त्यांनीही हाक मारली नाही.

घरी पोचले तेव्हा श्रीशैल ओसरीवर पिशवी भरत होता. बाणूबाई दारात उभी होती. सिद्धाप्पांनी चपलाही काढल्या नाहीत, उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बाणूबाईनं आधी भावाकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं, आणि आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला.

"तू तवाच का बोलला न्हाईस?" सिद्धाप्पांनी विचारलं.

"बोललो असतो तर तुमी खोटे पडले असता, दाजी. सगळ्यांसमोर." श्रीशैलनं पिशवीची चेन ओढली. "मला वाटलं, वाटंत तरी बोलाल. मी एस.टी. सुटंपर्यंत बघत व्हतो, तुमी येताव का."

तो गेला आणि शिक्षण पुरं करून आला. त्यानंतर दोघं परत सिकंदराबादला गेले, नवे रेग्युलेटर घ्यायला. या खेपेला श्रीशैलनं यादी मोठ्यानं वाचली आणि सिद्धाप्पा एकेक गोष्ट विचारत गेले. बंद तोंडाचे दाखवा. दोन्ही एकाच जातीचे द्या, म्हणजे सुटे भाग एकमेकांना चालतात. एकाची नळी सात फुटी पाहिजे, जोडीदाराला हवा द्यायची झाली तर. दुरुस्ती इथंच होते का? टाकी संपत आली तरी श्वास जड होत नाही ना? दुकानदारानं त्यांना ओळखलं आणि विचारलं, "चचा, समंदर छोड दिए क्या?"

"समंदर था ही नहीं," सिद्धाप्पा म्हणाले. "मिट्टी का पानी है. पहले झूठ बोला मैं." दुकानदार ओशाळून हसला आणि काळे, जाडसर रेग्युलेटर पुढं सरकवले.

यंदा सिद्धाप्पांचंही शिक्षण पुरं झालं. शिवलीलानं त्यांना कन्नडात कागद दिले. आता दोघं पुन्हा एकत्र उतरतात. श्रीशैल त्यांना दाजीच म्हणतो, सणाला घरी येतो, बहिणीच्या हातचं जेवतो. पण पाण्यात जायच्या आधी तो आपले रेग्युलेटर होडीवाल्या हावगेप्पांना तपासायला देतो. हावगेप्पा म्हातारे आहेत. त्यांनी सगळं शिकून घेतलंय, हवेच्या दाबाचा काटा बघतात, हवा ओढून बघतात. श्रीशैलनं असं का ते कधी सांगितलं नाही, आणि सिद्धाप्पांनी विचारलं नाही.

बाणूबाईनं एकदा म्हटलं, "मी बोलू का त्याच्याशी?"

"नको," सिद्धाप्पा म्हणाले. "त्याच्या मनाला येईल तवा दील माझ्या हातात. न्हाई आलं तर न्हाई."