एकशे ऐंशी मीटर कमी

वजनमापे निरीक्षकाच्या नोकरीत चोवीस वर्षे घासूनही बढतीच्या यादीत ज्याचे नाव कधी आले नाही, त्या गृहस्थाने एक्कावन्नाव्या वर्षी ट्रायथलॉनचा विडा उचलला. पोहणे, सायकल आणि धावणे, तिन्ही एका दमात. कार्यालयात त्याला माघारी ‘तोळामासा’ म्हणत. यंदा बढती कनिष्ठाला देताना वरिष्ठ म्हणाले होते, “तुम्हाला आता फिरती झेपायची नाही.” झेपते, हे त्याला कागदावर हवे होते: दोन तासांच्या आत शर्यत संपवल्याचे प्रमाणपत्र.

खेळाचा इतिहासही त्याने फायलीसारखा वाचून काढला. लांब पल्ल्याची पहिली शर्यत म्हणे पोहणारे दमदार की धावणारे, या वादातून जन्मली. कुणीतरी मध्येच सायकलस्वारांचे घोडे पुढे दामटले. भांडणातून उपजलेला खेळ त्याला चटकन आपला वाटला.

सहा महिने जिवाला थारा नव्हता. पहाटे तलाव, सुट्टीला शर्यतीच्याच रस्त्यावर सायकल आणि उतरताच धावणे. त्या वेळी पाय कुणाचे तरी मागून आणल्यासारखे वाटत. बुटांना ओढताच बसणाऱ्या रबरी नाड्या लावल्या. हेल्मेटचा पट्टा लावल्याखेरीज सायकलला हात लावायचा नाही, या नियमाचा सराव तो स्वयंपाकघरातही करी.

“अहो, चहाच्या कपालाही पट्टा लावूनच हात लावता का?” बायको म्हणाली.

शर्यतीच्या दोन दिवस आधी मात्र त्याची खोड उफाळून आली. मोजणीचे चाक घेऊन त्याने धावण्याचा मार्ग तीनदा मोजला. पाच किलोमीटरला एकशे ऐंशी मीटर कमी!

“गप्प बसा,” बायको म्हणाली. “सरावात जेमतेम मिनिटभर हातात राहते तुमच्या. तेही घालवणार?”

“लोकांच्या मापात खोट काढायची आणि स्वतःच्या मापावर पांघरूण घालायचे?”

“कुणाला कळणार आहे?”

“मला.”

त्याने रीतसर तक्रार लिहिली. चोवीस वर्षांत ज्याच्या एकाही अर्जाला धड उत्तर आले नव्हते, त्याचा नेमका हाच अर्ज तासाभरात मंजूर झाला. आयोजकांनी शेवटची रेषा पुढे सरकवली.

शर्यतीत कुणाची तरी लाथ बसून पोहण्याचा चष्मा सरकला. सायकलवर त्याने तो वेळ कसाबसा भरून काढला. धावताना जुनी, पुसट रेषा त्याने ओलांडली तेव्हा घड्याळात चाळीस सेकंद शिल्लक होते. पुढचे एकशे ऐंशी मीटर काही केल्या सरेनात.

“जुन्या रेषेवर वेळेत होतात, साहेब,” वेळ नोंदवणाऱ्या बाई हळूच म्हणाल्या. “तीच लिहू?”

सोमवारी वरिष्ठांच्या टेबलावर ठेवायचा कागद डोळ्यांपुढे आला. होकार अगदी ओठांवर होता.

“रेषा ही आहे,” तो म्हणाला. “लिहा, दोन तास, अडतीस सेकंद.”

बाईंनी लिहिले. प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यावरून त्यांचा हात मागे गेला.

“बसा तरी आता,” बायको म्हणाली.

पोटऱ्या लटपटत होत्या. तरीही तो बसला नाही. हेल्मेट काखोटीला मारून रेषेपाशी येरझारा घालत राहिला आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाचा पाय नेमका कुठे पडतो, ते पाहत राहिला.