हाफ टाइमला रद्द केलेली हलगी

काय सांगू तुम्हाला, सांगतानाही थकवा येतो! पण चहा पाजताय तर ऐका. जिंकलेली फायनल माणसानं एकट्यानं कशी हरावी, हे मला विचारा.

मी तीर्थपुरीच्या शाळेत खेळाचा मास्तर. म्हणजे मतदार याद्या, खिचडी आणि सर्वेक्षण यांतून उरलो तर खेळाचा. तेवीस वर्षांत माझ्या एकाही संघानं कप आणलेला नाही. ‘हार-जीत चालायचीच’ हे वाक्य मी सामन्याआधीच घोटून ठेवतो.

आणि यंदा आमच्या मुली जिल्ह्याच्या फुटबॉल फायनलला पोचल्या! कशा पोचल्या ते मलाही ठाऊक नाही. समोर जालन्याचा एक बडा संघ. त्यांच्याकडे खिळ्यांचे बूट, दोन प्रशिक्षक, पाणी पाजायला वेगळा माणूस. आमच्याकडे कॅनव्हासचे बूट आणि मी.

निघताना कॅप्टन गोदानं एकच मागितलं होतं. आमच्याकडे गावातल्या मोठ्या पोरांची कबड्डीची टीम जिंकली की स्टँडपासून पारापर्यंत हलगी लावून मिरवणूक निघते. पोरींची आजवर एकदाही निघालेली नव्हती.

"सर, जिंकलो तर आमाला बी हलगी पायजे," ती म्हणाली.

मी हो म्हणालो. हो म्हणायला काय जातं? हेडसरांनी हलगीवाले सांगूनही ठेवले. पण त्यांना संध्याकाळी दुसऱ्या गावच्या वरातीचं बोलावणं होतं, म्हणून साडेतीनपर्यंत पक्कं कळवायचं होतं.

साडेतीनला नेमका हाफ टाइम झाला. आम्ही दोन-शून्यनं मागे.

आता इथं जरा मागचं सांगावं लागेल. गेल्या वर्षी एका सामन्यात हाफ टाइमला आम्ही पुढे होतो आणि मी उत्साहाच्या भरात गावाच्या ग्रुपवर ‘जिंकलो’ टाकून मोकळा झालो. गावानं गुलाल उधळला. आम्ही हरून परत आलो तेव्हा लोकांची तोंडं लाल आणि माझं पांढरं. दुधानं तोंड पोळलेला माणूस मी, यंदा ताक फुंकून प्यायचं ठरवलं होतं. तेवढ्यात हेडसरांचा फोन आला.

"सर, हलगीवाले निघून राह्यले. सोडू का थांबवू?"

"सोडून द्या, हरलो," मी म्हणालो. ग्रुपवरही टाकलं, ‘झुंज दिली, पण हरलो.’ काय हलकं वाटलं म्हणून सांगू! तेवीस वर्षांत पहिल्यांदाच मी वेळेआधी काम उरकलं होतं.

मागं वळून बघतो तर गोदा. पाण्याची बाटली घ्यायला आलेली, आणि सगळं ऐकलेलं. ती बाटली घेऊन माघारी गेली. पोरींना गोळा करून काहीतरी सांगितलं, एवढं दिसलं. मग अकराच्या अकरा जणींनी माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्या हाफमध्ये त्यांनी जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, तरी मला अजून खरं वाटत नाही. एक गोल. मग दुसरा. आणि शेवटच्या मिनिटाला गोदानं तिसरा मारला. तीन-दोन! समोरचे दोन्ही प्रशिक्षक एकमेकांवर ओरडायला लागले. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. आणि रडता रडता हलगी आठवली.

हेडसरांना फोन लावला, सतरा वेळा लावला. ते हलगीवाल्यांसोबतच वरातीला गेले होते. आमच्याच हलगीच्या दणक्यात त्यांना फोन ऐकू येत नव्हता.

ग्रुपवर ‘जिंकलो’ टाकलं. एकानं हात जोडले. दुसऱ्यानं विचारलं, मघाशी हरले, आता जिंकले, मंग संध्याकाळी बरोबरी होणार का? मी कपाचा फोटो टाकला, तर माझा सख्खा मेव्हणा म्हणतो, दाजी, कोणाचा कप धरलाय? मी फोन बंद केला. माणूस किती लढणार?

टेम्पोनं गावाकडे निघालो. स्टँडवर पोचलो तर स्वागताला एक शेळी. पोरी कप मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

"हलगीबिगर आमी उतरत न्हाई," गोदा म्हणाली, आणि पोह्यांचा रिकामा डबा माझ्या हातात दिला. "वाजवा."

वाजवला. करतो काय? बावन्न वर्षांचा माणूस, दोन्ही गुडघे गेलेले, भर बाजारातून डबा बडवत पुढे, आणि मागे नाचणाऱ्या पोरी. मी ठेका हलगीचाच धरला होता बरं का! पण दोन बाया घरातलं मोडकं लोखंड घेऊन बाहेर आल्या. त्यांना भंगारवाला वाटला.

पारावर किसनआबा बसले होते. त्यांनी चष्मा वर करून मला नीट न्याहाळलं.

"सर, हरलो म्हणून मेसेज आल्ता ना तुमचा? मंग हे वाजवून काय राह्यले?"

मी तोंड उघडलं, पण गोदानं कप वर धरला.

"मेसेज बराबर व्हता, आबा. सर हरले. आमी जिंकलो."