आपली गाडी

माझ्या नवऱ्याला, विल्सनला, कुणी बुटका म्हटलं तर तो हसतो. त्याच्या कामाला नाव ठेवलं तर मात्र दोन दिवस घरात धड बोलत नाही. वसईहून तो ओमानमधल्या रुस्ताकला आला तो गॅरेजमध्ये पत्र्याचं काम करायला. लोकांच्या चेपलेल्या गाड्या ठोकून सरळ करण्यात त्याची अर्धी जिंदगी गेली. पण डोक्यात एकच गाडी होती, हॉट रॉड. अमेरिकेतली पोरं जुनी गाडी कापून घरीच बनवायची तशी. छप्पर खाली दाबलेलं, इंजिन उघडं. मासिकातून फाडलेलं तिचं चित्र त्याने हनिमूनच्या बॅगेतही घेतलं होतं. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आम्ही राहतो कंपनीच्या फ्लॅटमध्ये. तिथे सायकल ठेवायची मारामार. अंगण होतं ॲलॉयसियसकडे. तो आमच्याच गावचा, एका कंपनीत मॅनेजर, आमच्या रोशेलचा गॉडफादर. त्याच्या अर्बाबच्या, म्हणजे ओमानी मालकाच्या, खजुराच्या बागेत एक जुना पिकअप गंजत पडला होता. अर्बाबने तो फुकट देऊन टाकला आणि ॲलॉयसियस धावत आमच्याकडे आला.

"विल्सन, यल्ला! ही आपली गाडी. तू बनव. पहिली चक्कर तुझी, पार वादीपर्यंत."

वादी म्हणजे इथलं डोंगरातलं कोरडं नदीपात्र. गाडी ॲलॉयसियसच्या नावावर झाली. अंगणही त्याचंच, तेव्हा त्यात कुणाला काही वाटलं नाही. 'आपली' एवढा शब्द आम्हाला पुरला.

मग सुट्टीचे कित्येक शुक्रवार त्या अंगणात गेले. ॲलॉयसियस चहा आणायचा, फोटो काढायचा आणि मध्येच एखादा पाना हातात घेऊन उभा राहायचा. छप्पर कापलं तो दिवस मला चांगला आठवतो. चारी खांब कापून छप्पर नुसतं खाली बसवलं की झालं, असं मला वाटलं होतं. तसं नसतं. खांब तिरके असतात, ते आखूड केले की वरचं खालच्याशी जुळत नाही. विल्सनने छपराचेच दोन भाग केले आणि मध्ये पत्र्याची पट्टी जोडली. पण किती उतरवायचं? त्यासाठी तो आत बसला आणि मला म्हणाला, "फ्लोरी, माझ्या डोक्यावर चार बोटं ठेव आणि खडूने खूण कर."

बोटं माझी, डोकं त्याचं. शिंपी अंगावर कपडा बेततो तशी ती गाडी विल्सनच्या अंगावर बेतली गेली.

रोशेल तिथेच बसून अभ्यास करायची. इथल्या शाळेतल्या पोरांचं मराठी कसं असतं ते काय सांगू! "मम्मी, आम्ही घरी जाऊया?" असं विचारायची. मी तिला दरवेळी टोकायची, "आपण म्हण गं. आपण म्हटलंस की त्यात मी आले. आम्ही म्हटलंस की मला बाहेर ठेवलंस."

"सेमच तर आहे!" ती म्हणायची. ॲलॉयसियस खदाखदा हसायचा. "ही गल्फची पोरं!"

यंदा गुड फ्रायडेच्या आधी गाडी तयार झाली. वादीची चक्कर ईस्टरनंतर ठरली. विल्सनने त्या दिवसासाठी नवा शर्ट शिवून घेतला, या वयात! गुड फ्रायडेला आम्ही मस्कतला चर्चला निघालो, तर ॲलॉयसियस म्हणाला की त्याला ताप आहे, तो येत नाही. मी क्रुसापाशी त्याच्यासाठी प्रार्थनासुद्धा केली. परतल्यावर पेज घेऊन त्याच्याकडे गेलो, तर घराला कुलूप आणि अंगण रिकामं. गाडीच्या जागी तेलाचा डाग तेवढा होता.

"चोरी झाली," विल्सन म्हणाला. पोलिसांना फोन करणार, तेवढ्यात माझ्या मोबाइलवर गावच्या ग्रुपवर व्हिडिओ आला.

मस्कतमध्ये जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. तापाचा माणूस इस्त्रीच्या शर्टात आमच्या गाडीत बसला होता. तो चांगला ताडमाड, त्यामुळे मान खांद्यावर मोडून बसलेला. शेजारी त्याचा मुलगा ऑलविन.

"बघा गाववाल्यांनो, ही आमची गाडी," तो म्हणाला. "आम्ही घरी बनवली, मी आणि ऑलविनने. पत्र्याचं थोडंफार काम होतं, ते एका कामगाराकडून करून घेतलं."

माझ्या अंगाची आग झाली. गुड फ्रायडेच्या दिवशी माझ्या तोंडात येशूला विकणाऱ्या त्या शिष्याचं नाव आलं. विल्सनने तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. रोशेल त्याच्या खांद्यावरून बघत होती.

"डॅडी, अंकल पण रॉंग बोलला ना? माझ्यासारखा? आपली म्हणायचं होतं."

विल्सनने तिच्या डोक्यावर हात ठेवला. पेजेचा डबा त्याच्या मांडीवर तसाच होता.

ईस्टर झाल्यावर ॲलॉयसियसचा फोन आला. विल्सनने स्पीकर लावला.

"विल्सन, अरे, आपल्या गाडीचं छप्पर जरा वर घ्यायला लागेल रे. मान मोडते. या फ्रायडेला येतोस ना? आपण दोघं बसू, चहा पिऊ. इन्शाल्ला एका दिवसात खलास."

शाळेपासून दोघं एकमेकांना अरे-तुरे करत आलेले.

"तुमच्या गाडीचं म्हणा, ॲलॉयसियस साहेब," विल्सन म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.