घासाघीस न करणारा शेठ

धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्यांचा वास आला, की उदगीरच्या धान्याच्या मोंढ्यातली ती दुपार आठवते. निवृत्त वडिलांना तिथल्या एका शेठच्या गोदामात गोळ्या ठेवण्याचं अर्धवेळ काम मिळत होतं. मी सोबत गेलो होतो. मूठभर तुरीसाठी शेतकऱ्यांशी तासभर हुज्जत घालणारा तो शेठ, वडिलांनी पगार वाढवून मागताच म्हणाला, "देऊ की, काका." त्यांनी धीर करून विमाही मागितला. "त्यो बी काढू. अजून काय पायजे?" वडील खुशीत घरी आले. आई मात्र म्हणाली, "घासाघीस कशी केली न्हाई त्यानं? आधीचा माणूस कुठं गेला, इचारलं का?" "लई शंका तुला," ते हसले. त्याच पावसाळ्यात ते बंद गोदामात गुदमरून गेले. आजही बाजारात कुणी पहिल्याच शब्दाला हो म्हटलं, की मी रिकामी पिशवी घेऊन परततो.