राजांच्या बैठकीची तपासणी

"साहेब, लपवू नोका. कॅन्सरच हाये ना?"

तपासणीच्या टेबलावर कुशीवर झोपलेल्या मारोतीभाऊंनी हे भिंतीला विचारलं, कारण मी त्यांच्या मागच्या बाजूला होतो.

मारोतीभाऊ म्हणजे आमच्या मूल तालुक्यातल्या झाडीपट्टी नाटकातले राजे. शनिवारी प्रयोग. तीन अंक सिंहासनावर बसायचं, आणि कालपासून त्यांना खाटेवरही बसता येत नव्हतं.

मी वाकून पाहिलं. गुदद्वाराच्या कडेला बोराएवढा गोळा, काळाकुट्ट. भोवतालची कातडीही काळपट. मूळव्याध काळी नसते. मग हे कुजलंय, की भाऊ म्हणतात तेच? एवढ्या वर्षांचा सर्जन मी, नागपूरला रेफर करायला फोन हातात घेऊन मोकळा!

तेवढ्यात टेबलाची कड धरलेली भाऊंची बोटं दिसली. तीही तशीच काळपट.

"भाऊ, काय लावलं?"

"लावलं काई नाई. टबात बसलो. त्या जांभळ्या दवाईत. गावच्या डॉक्टरनं चिमूटभर सांगतली होती, मी मूठभर टाकली."

"काऊन?"

"शनिवारी प्रयोग हाये ना, साहेब!"

जांभळी दवाई म्हणजे पोटॅशियम परमँगनेट. जास्त झालं की कातडीवर काळपट डाग पडतो. व्हिटॅमिन सीची गोळी पाण्यात विरघळवून कापसाने हलकेच पुसलं. काळेपणा उतरला. खालून निघाला निळसर, गुळगुळीत, टणक गोळा. माझा जीव भांड्यात पडला.

आतली मूळव्याध मऊ असते. बहुतेक वेळा दुखत नाही, शौचाला लालभडक रक्त पडतं. बाहेरच्या मूळव्याधीच्या कोंबात रक्त गोठलं, की असा निळा, ठणकणारा गोळा एकाएकी येतो. कॅन्सर असा रातोरात उगवत नाही. तरी जागेवर भूल दिल्यावर बोटाने आतही तपासलं. साफ. मग छोटा छेद घेतला, गोठलेल्या रक्ताची गाठ बाहेर.

"झालं, भाऊ. कॅन्सर नाही."

"झालं? अन् मी कालपासून वावराच्या वाटण्या करून राह्यलो!"

रविवारी सकाळी फोन आला. "बसलो, साहेब! खाली उशी होती, पण तिन्ही अंक बसलो. टाळ्या पडल्या!"

हे मी घरी जेवताना सांगू लागलो, तर बायकोने ताट उचललं. म्हणून इथे लिहितो. रक्त पडलं तर मूळव्याधच असेल म्हणून घरी राहू नका, दाखवा. आणि येताना काय लावलं, कशात बसलात, तेही सांगा. रंग पाहून डॉक्टरही घाबरतो.