गोदाच्या नावानं आंघोळ

हे मी आजवर कुणापाशी बोललो न्हाई. बायको जन्मभर संग ऱ्हायली, तिलाबी न्हाई. मी दुसरी शिकलेला माणूस — अक्षर वाकडं पडंल, पडू द्या! आज लिव्हायला बसलो तर वाटायलं, जणू सकाळीच घडलंय.

निजामाचं राज व्हतं. आमच्या गावावरून पाथरीकडं सडक चालली व्हती. खडी फोडायला तेलंगणातली माणसं आली, गोड्या पाण्याच्या विहिरीपाशी त्यांची पालं पडली. रंगानं आमच्यासारखीच — पण आमी त्यांना काळे म्हणायचो. त्यांच्यातल्या यल्लय्यासंग माझी धाकटी बहीण गोदा गेली. राजीखुशीनं गेली.

आमच्यात अशी पोरगी गेली की तिच्या नावानं आंघोळ करतात. मेल्यासारखी. ती जिती असली तरी! बाप न्हवता, घरचा कारभारी मी. आई रडायली, पण पहिला तांब्या मी डोक्यावर घेतला. गोदाचं पाल आमच्या वट्ट्यावरून दिसायचं. मी तिकडं पाठ करून बसायचो.

मग दोन वर्सांनी हैदराबादहून एक साहेब आला. कोण माणूस कुठून आला, कुणी कुणाच्यात लगीन केलं, पोरं कशी निपजली, कुणाला काय दुखणं — हेच इचारत गावोगाव फिरायचा! लोखंडी चिमट्यानं डोसक्याचं माप घ्यायचा. चावडीवर ही गर्दी! आमच्या शेजारचा नामदेव म्हणला, "सायेब, टोपी शिवायलाव का?" साहेबबी हसला. मला उर्दू येत व्हती, म्हणून मी त्याच्या शेजारी. काय माझा रुबाब!

साहेबानं इचारलं, गावातली कुणी बाई त्या वस्तीत गेली का? सगळ्यांचे डोळे माझ्यावर. तुमी माझ्या जागी असता तर? — न्हाई, ऱ्हाऊ द्या. ते तुमाला इचारायचं न्हाई.

"एक व्हती," मी म्हणलो. "माझी बहीण. मेली."

इथवर रीतीचं बोलणं झालं. इथं थांबता आलं असतं. पण साहेब म्हणला, कशानं मेली? आन् मला असा जोर चढला —

"तापानं. ह्या लोकांनी आणलेल्या तापानं!"

ताप कुणाचा व्हता? आमचा! दर पावसाळा सरला की आमच्या डबक्यांवर डास आन् घराघरात हिवताप. त्याच आठवड्यात मी स्वतः गोधडीत कुडकुडलो व्हतो. ती माणसं आली तवा धडधाकट, पहाडासारखी. आमच्या गावात येऊन आजारी पडली. मला हे ठाऊक व्हतं. चावडीवर सगळ्यांनाच ठाऊक व्हतं. कुणी तोंड उघडलं न्हाई, कारण मी बोललो व्हतो.

साहेबानं ते लिहून वर कळवलं, आन् पुढल्या बाजाराच्या आत तहसीलदाराचा हुकूम आला — वस्ती विहिरीपासून उठवा, लांब माळावर न्या. त्या माळावर पाण्याचा थेंब न्हवता. शिपायांनी पालं ओढून काढली. सारा गाव बघायला! मी सगळ्यांत म्होरं. खरं सांगू? मला आनंद व्हायला व्हता. माझ्या एका शब्दानं येवढं हाललं!

सामान डोक्यावर घेऊन ती माणसं आमच्यापुढून निघाली. गोदा आली. कडेवर तिचं पोरगं, त्याची मान तिच्या खांद्यावर पडलेली. ती माझ्यापुढं थांबली.

"दादा," ती म्हणली, "मेलेलं माणूस असं चालतं व्हय रे?"

नामदेवानं मान खाली घातली. मी तिच्या डोक्यावरून शिपायाकडं बघितलं आन् म्हणलो, "हिला म्होरं घ्या."

पोराच्या अंगात ताप व्हता. डोळे तसेच दिसायले, जसे माझे झाले व्हते. घरात माझ्या तापावरच्या औषधाची पुडी उरलेली व्हती. ती मला तिथंच आठवली — घरी गेल्यावर न्हाई, तिथंच, गोदा समोर उभी असताना.

मी घरी गेलो आन् पोटभर जेवलो.