दुसऱ्याच्या पाटावरचा गणपती

दर श्रावणात मी मूर्तिकाराकडे आमच्या घरचा पाट देऊन येत असे. त्या पाटावरच तो आमचा गणपती घडवी. त्या वर्षी मात्र मी पाट दिला नाही.

उन्हाळ्यात माझी धाकटी, सुमन, तापाने फणफणली. ताप उतरला, पण पायांतली शक्ती परत आली नाही. डॉक्टरांनी पोलिओ सांगितला. मी कचेरीत आकडेमोड करणारा माणूस. उत्तर चुकले तर चूक सापडेपर्यंत जागचा उठत नाही. इथे चूकच सापडेना. या पोरीने कुणाचे काय वाईट केले होते? मी देवाशी बोलणेच सोडले.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी आमच्या परळच्या चाळीत घरोघरी मखरे सजत होती. खाटेवरून सुमन म्हणाली, "बाबा, आपल्याकडे गणपती का नाही? तो पण माझ्यासारखा बसूनच असतो. मला सोबत झाली असती."

मी फळीवरचा पाट काढला आणि तसाच लालबागला चालत गेलो.

मूर्तिकाराकडे दोनच मूर्ती उरल्या होत्या. एक मंडळाची मोठी, पाठीमागे संयुक्त महाराष्ट्राचा नकाशा असलेली. दुसरी कोपऱ्यातली लहानशी.

"आज पाट आणलात?" मूर्तिकार म्हणाला. "काका, गणपती म्हणजे काय वाण्याचा गूळ, मागितला की पुडी बांधायला? ती लहान मूर्ती ह्यांची आहे."

त्याने दाखवले तो गिरणी कामगार उंबऱ्याबाहेरच उभा होता. कसे कोण जाणे, त्या अनोळखी माणसापुढे सुमनची सगळी हकिगत माझ्या तोंडून निघाली.

"तुमी व्हरा हेका," लहान मूर्तीकडे हात करून तो म्हणाला. "माझ्या घरात सुतक आसा. मागच्या आठवड्यात थोरलो झिल गेलो. ह्याच सांगूक इलंय, कोणी तरी न्या म्हणून. केलेलो गणपती असोच रवाक नको."

तरणा मुलगा गमावलेला बाप देवासाठी घर शोधत होता! मी विचारले, "तुम्हाला राग नाही आला त्याचा?"

"येता तर! पण रागान बोलूक तरी तोच होयो ना?"

माझा पाट पुढल्या वर्षासाठी मूर्तिकाराकडे ठेवून मी त्या कामगाराच्या पाटावरचा गणपती घरी आणला. सुमनच्या खाटेशेजारीच बसवला. आरतीआधी मी त्याच्यापुढे बसलो आणि कित्येक महिन्यांचे मनातल्या मनात भांडून घेतले. डोळे उघडले तेव्हा छातीवरचे ओझे उतरले होते. एवढेच घडले, याहून अधिक मी सांगत नाही.

विसर्जनानंतर, त्यांचे सुतक फिटल्यावर, चौपाटीची चिमूटभर वाळू ठेवून तो पाट मी त्यांच्या खोलीवर पोचवला. त्यांच्या बायकोने वाळू कपाळाला लावली आणि पहिला प्रश्न केला, "तुमचा चेडू कसा आसा?"

सुमन आता काठीच्या आधाराने शाळेत जाते. तिच्याच वाट्याला हे का आले, ते मला अजून उमगलेले नाही. पण विचारायचे ते मी त्यालाच विचारतो, आणि श्रावण लागला की पाट नेऊन देतो.